साखरेच्या डब्याचं कुलूप

विहिरीजवळच्या बराकीचं गुस्ताव नावाच्या गाढवावर फार प्रेम होतं. त्याचं खरं नाव काय होतं देव जाणे, गुस्ताव हे बराकीने ठेवलेलं. तो नॉर्वेच्या किनाऱ्यावर कुठेतरी बसून जर्मन सैन्याला हवामानाचे सांकेतिक संदेश पाठवायचा, आणि इकडे इंग्लंडात एका हवेलीच्या बागेत, लाकडी बराकीत कुडकुडत बसलेली मंडळी ते फोडायची. प्रत्येक संदेशाआधी सांकेतिक यंत्राच्या चाकांवर किल्ली म्हणून मनाला येतील ती अक्षरं लाव, असा त्याला वरून हुकूम होता. गुस्तावच्या मनात एकच गोष्ट यायची: बेर्टा. सकाळी बेर्टा, दुपारी बेर्टा, बाहेर बर्फाचं वादळ घोंघावत असलं तरी बेर्टा. त्यामुळे नॉर्वेचं हवामान जर्मन सेनापतींच्या आधी बराकीला कळायचं.

यावर सगळ्यात मोठ्याने हसायचा कथबर्ट विम्बुश.

"अरे, प्रेयसीचं नाव कोणी कुलपाला लावतं का?" तो म्हणायचा. "शत्रूच्या हातात घराची किल्ली देऊन वर त्याला चहा विचारण्यातला प्रकार हा!"

कथबर्ट केंब्रिजचा गणिती. आकडे त्याच्यापुढे हात जोडून उभे राहत, पण समोरच्या टेबलावर बसणाऱ्या फ्रीडा पिल्बीमने नुसतं वर पाहिलं तरी त्याची दातखीळ बसायची. फ्रीडाचं काम शत्रूच्या तारायंत्रवाल्यांच्या सवयी ओळखण्याचं. कोण आळशी, कोण घाबरट, कोण प्रेमात पडलेला, हे ती अक्षरांवरून सांगायची. तिच्याशी बोलायचं म्हणून कथबर्ट रोज सकाळी मोठ्या धीराने उठायचा, तिच्या टेबलापाशी जायचा आणि नॉर्वेचं हवामान सांगायचा, "आज ट्रॉम्सोला धुकं आहे." मग कान लाल करून परत यायचा. हे प्रेम आहे हे बराकीत सगळ्यांना कळत होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं. असल्या गोष्टी बोलून दाखवणं म्हणजे तिथे चारचौघांत पायमोजे काढण्यासारखं.

साखरेचंही तसंच. रेशनची साखर सगळे मिळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि ती कमी व्हायची. चोर कोण हे उघड होतं. डॉ. ऑगिलव्हींच्या पांढऱ्या मिशा दुपारनंतर आणखी पांढऱ्या दिसायच्या. पण ग्रीक आणि लॅटिनच्या एवढ्या थोर विद्वानाला तोंडावर म्हणणार काय? कोणी काही म्हटलं नाही. मार्च महिन्यात बराकीने गुपचूप एक कुलूप आणलं. पाच चकत्या, प्रत्येक चकतीवर ए पासून झेडपर्यंत अक्षरं. किल्लीची अक्षरं ठरवायला अर्थात कथबर्ट. तो म्हणाला, "हे कुलूप बर्लिनला पाठवलंत तरी फुटणार नाही." त्या दिवसापासून चहाच्या वेळी डबा तोच उघडायचा, इतरांकडे पाठ करून.

आणि सप्टेंबरात फ्रीडाची कोलंबोला बदली झाली.

जायच्या दिवशी, शुक्रवारी, तिला निरोपाचा चहा होता. पाचला गाडी येणार होती. मिस पेनरोज, म्हणजे बराकीच्या टायपिस्ट आणि बराकीची जीभ, यांनी गाजराचा केक केला होता. त्यावर भुरभुरायला साखर हवी होती. डबा होता, कुलूप होतं, कथबर्ट नव्हता.

कथबर्ट फळीच्या भिंतीपलीकडे कोळशाच्या खोलीत होता. निरोपाचं भाषण म्हणून पाहायला तो तिथे गेला होता आणि पहिल्याच वाक्याला त्याचं अवसान गळालं होतं. आज बोललो नाही तर ही कोलंबोला जाणार आणि मी जन्मभर ट्रॉम्सोचं धुकं सांगत बसणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण पाय हलत नव्हते. तेवढ्यात पलीकडून डबा आपटल्याचा आवाज आला.

"गेला कुठे हा बावळट?" मिस पेनरोज म्हणाल्या. "आण ते कुलूप इकडे. 'शुगर' लावून बघ. पाचच अक्षरं आहेत."

कथबर्टला आतल्या आत राग आला. इतका मठ्ठ समजतात मला?

"नाही उघडत," फ्रीडाचा आवाज.

"शक्यता एक कोटीच्या वर आहेत," डॉ. ऑगिलव्ही म्हणाले. "संदेश फोडायचं मोठं यंत्र तासभर मिळालं तर..."

"मोठ्या यंत्राला सध्या युद्ध आहे, डॉक्टर," फ्रीडा म्हणाली.

"मग एखादी देवता बघा. 'व्हीनस' लावा."

"जवळपास आहात," मिस पेनरोज पुटपुटल्या.

व्हीनसही चाललं नाही. कथबर्टच्या सायकलचं नाव डेझी होतं, तेही झालं. कोळशाच्या ढिगावर कथबर्टची छाती फुगली. फोडा म्हणावं!

मग फ्रीडा बोलली. "तुमचं चुकतंय. तुम्ही हुशार माणसाचा विचार करताय. कुलूप लावताना कोणी हुशार नसतं. आपला गुस्ताव आठवा. दिवसभर डोक्यात जे घोळत असतं तेच बोटांतून उतरतं. तर सांगा, कथबर्टच्या डोक्यात दिवसभर काय असतं?"

 कपातला चमचा थांबला.

"अहो, असे गप्प काय झालात? मिस पेनरोज, छताकडे काय बघताय?"

"जाळी झालीत गं."

"डॉक्टर, तुम्ही?"

"मी, बाळ, माझा पाइप शोधतोय."

"तो तोंडात आहे तुमच्या."

 मग फ्रीडा अगदी हळू म्हणाली, "अगं बाई!"

पहिली चकती फिरल्याचा आवाज आला आणि कथबर्ट ढिगावरून उठून दारापाशी आला. आत्ता बाहेर पडून डबा स्वतः उघडला तर अब्रू वाचेल, आणि तिला कधीच कळणार नाही. नाही पडलो तर कळेल, आणि अब्रू जाईल. त्याला दोन्ही नको होतं आणि दोन्ही हवं होतं. चौथ्या चकतीला त्याच्याने राहवलं नाही. "थांबा!" असं ओरडत त्याने दार ढकललं, पाय घसरला आणि अर्ध्या घमेल्याएवढ्या कोळशासकट तो सगळ्यांच्या पुढ्यात आडवा झाला.

उघडलेलं कुलूप फ्रीडाच्या हातात होतं. चकत्यांवर तिचं नाव होतं.

"मला शंका होती," डॉ. ऑगिलव्ही हळहळले. "पण म्हटलं, इतका गाढवपणा कथबर्ट करणार नाही. म्हणून मी कधी लावूनच पाहिलं नाही. सहा महिने!"

फ्रीडा कथबर्टकडे बघत होती. "कधीपासून हे?"

"मार्चपासून."

"रोज हेच? एकदाही बदललं नाहीस? किल्ली रोज बदलावी असा नियम आहे ना?"

"माहीत आहे," कथबर्ट जमिनीवरून म्हणाला. "तो नियम मीच लिहिलाय."

"आणि गुस्तावला गाढव म्हणत होतास."

कथबर्ट उठून उभा राहिला. तोंड काळं, कान लाल. "फ्रीडा, आज ट्रॉम्सोला..."

"ट्रॉम्सोचं हवामान सकाळी मीच तुला दिलंय. दुसरं काही असेल तर बोल. पाचला गाडी आहे."

"मला तू फार आवडतेस," कथबर्ट म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला आवरेना. "मार्चपासून. म्हणजे तू आलीस तेव्हापासूनच, फेब्रुवारीपासून. पण कुलूप मार्चमध्ये आलं."

मिस पेनरोजनी नाक शिंकरलं. फ्रीडाने कुलूप बंद केलं, चकत्या विस्कटल्या आणि ते त्याच्या काळ्या हातावर ठेवलं. 

"आता ही किल्ली सगळ्यांना कळली. बदलून टाक."

"नाही बदलणार."

"अरे, साखर जाईल सगळी!"

"जाऊ दे."

फ्रीडा आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग तिने सगळ्यांदेखत त्याच्या गालाचा मुका घेतला. बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. नाकाच्या शेंड्याला कोळसा लावून ती कोलंबोला निघाली, आणि तिला ते सांगण्याचा धीर अर्थातच कोणाला झाला नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सोमवारी भरलेल्या डब्यात मंगळवारी खडखडाट. डॉ. ऑगिलव्हींच्या मिशा परत बहरल्या. मिस पेनरोज हात जोडून म्हणाल्या, "अहो, कोणाचंही नाव लावा, माझं लावा, पण बदला!" कथबर्टने ऐकलं नाही. तो बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचा आणि गुस्तावबद्दल कोणी वावगं बोललं तर त्याच्या अंगावर धावून जायचा.

युद्ध संपलं. बराक रिकामी करायचं काम चालू असताना एका दुपारी फ्रीडा दारात उभी राहिली, उन्हाने रापलेली. कथबर्ट उठला आणि त्याची दातखीळ बसली. तिने त्याला काही विचारलं नाही. ती सरळ फळीपाशी गेली, डबा खाली घेतला आणि पाठ न फिरवता, सगळ्यांसमोर, चकत्या फिरवल्या.

कुलूप उघडलं. आत साखरेचा एक कण नव्हता.