पहिल्या फेरीचं रक्त

मॅडमच्या संवेदनशीलतेला नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लाँड्रीमागच्या खोल्यांत शिरताना त्या उंबऱ्याबाहेर चपला काढत. तिथल्या बायकांच्या भाषेतला नमस्कार त्यांनी आरशासमोर उभं राहून पाठ केला होता. रक्त घ्यायला बायकाच हव्यात, मध्ये पडदा हवा, नवऱ्यासमोर पाळीबिळीचं विचारायचं नाही, फॉर्मवर अक्षरांबरोबर चित्रंही हवीत, हे सगळे नियम त्यांनीच घालून दिले होते आणि त्याबद्दल एका परिषदेत त्यांना मानपत्रही मिळालं होतं. एवढं सगळं सांभाळणाऱ्या या विदुषीने एकच गोष्ट सांभाळली नाही, आणि ती आठवली की सिस्टरच्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

सिस्टर म्हणजे मॅडमच्या संशोधन-अभ्यासावर नेमलेली नर्स. अभ्यास मूत्रपिंडांचा होता. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती. तिथे राबणाऱ्या बहुतेक बायका परक्या मुलखातून आलेल्या, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची मूत्रपिंडं ऐन उमेदीत कामातून जात होती. ती का जातात हे शोधायचं होतं. सिस्टरची आईसुद्धा त्याच मुलखातली, तिनेही याच लाँड्रीत हाडांची काडं केली होती. त्यामुळे सिस्टरला ती भाषा येत होती, आणि येत होती म्हणूनच तिला घेतलं होतं. नेमणूकपत्रावर तिचं पद ‘परिचारिका व समाजदुवा’ असं होतं. दुवा म्हणजे ज्याला दोन्हीकडून ओढ बसते तो, असं ती मैत्रिणींना सांगायची.

पहिल्या फेरीला रक्त द्यायला एकही बाई पुढे येईना. तेव्हा सिस्टर प्रेसवाल्या मावशीकडे गेली. मावशी वाफेच्या तापलेल्या रुळावर चादरी चढवायची. सिस्टरची आई आणि ती एकाच रुळाच्या दोन टोकांना वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या. मावशीने आडपडदा न ठेवता विचारलं, एवढं रक्त नेऊन त्या करणार काय आणि आम्हाला त्यातून मिळणार काय?

"काही निघालं तर मी स्वतः येऊन सांगेन, मावशी," सिस्टर म्हणाली.

हे वाक्य तिला कुणी पढवलेलं नव्हतं. रक्त तपासायचं आणि ज्याचं आहे त्यालाच काही सांगायचं नाही, असंही असू शकतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आईच्या जागी असलेल्या बाईला आणखी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मावशी रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहिली आणि तिला बघून मागे त्र्याऐंशी जणी आल्या. रांगेच्या क्रमानेच नळ्यांवर आकडे चिकटवले गेले. मावशीचा आकडा एक.

रक्तानंतर प्रश्नावली. बासष्ट प्रश्न. देव किती मानता, उपास किती करता, घरगुती औषधं कुठली घेता, डॉक्टरपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांचं ऐकता का. बायका इमानदारीत उत्तरं देत आणि मधूनच भलतंच काही सांगत. लाँड्रीत साठ बायकांना एक संडास, त्याची किल्ली मुकादमाच्या खिशात, मागायला गेलं की तो आधी घड्याळाकडे बघतो आणि मग वरपासून खालपर्यंत तुमच्याकडे. म्हणून आम्ही कामाची पाळी संपेपर्यंत पाणीच पीत नाही, असं एक नाही, चाळीस-पन्नास जणींनी सांगितलं. प्रश्नावलीत याला चौकट नव्हती. सिस्टर प्रत्येकीच्या कागदावर समासात लिहीत गेली. माहिती संगणकात भरणाऱ्याने समास भरला नाही. मॅडमच्या लेखाच्या कच्च्या मसुद्यात पुढे वाक्य आलं ते असं, की या समाजात पाणी कमी पिण्याची सांस्कृतिक सवय आढळते.

सांस्कृतिक! किल्ली मुकादमाच्या खिशात आणि दोष यांच्या संस्कृतीला.

अकरा महिने गेले. दुसरी फेरी तोंडावर आली तेव्हा नव्या नळ्यांच्या चिठ्ठ्या छापायचं काम सिस्टरकडे आलं. मॅडमच्या सहायकाने पाठवलेल्या तक्त्यात चुकून मागच्या फेरीचे निकालही राहून गेले होते. नावं नव्हती, नुसते आकडे. पहिल्याच ओळीवर तिची नजर अडकली. क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारं माप, एकच्या आसपास असावं लागतं. इथे ते तीनच्या जवळ होतं. संगणकाने आपणहून ती ओळ तांबडी केली होती. अशा तांबड्या ओळी एकूण अकरा होत्या. म्हणजे मशीनलासुद्धा कळलं होतं, आणि अकरा महिने कुणाच्या जिवाचं पाणी झालं नव्हतं.

ती तक्ता घेऊन तडक मॅडमकडे गेली. मॅडमनी तिला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं आणि न चिडता समजावलं. हा अभ्यास आहे, उपचार नाही. वैयक्तिक निकाल कळवले जाणार नाहीत, हे फॉर्मच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. चित्रं पाचव्या कलमापर्यंतच होती आणि त्यापुढचं वाचता येणाऱ्या बायका त्या खोल्यांत चार होत्या, हे सिस्टरने सांगून पाहिलं. मॅडमनी मान हलवली. सूचना चांगली आहे, पुढच्या अभ्यासात विचार करू, म्हणाल्या.

"पण आता तरी सांगू या ना, मॅडम. यातली एक नंबरची बाई मला माहीत आहे."

"सिस्टर, आता सांगितलं तर त्या औषधं सुरू करतील," मॅडम म्हणाल्या. "मग दुसऱ्या फेरीत हा आजार आपला आपण किती वाढतो, ते आपल्याला दिसणार कसं?"

त्यांचा आवाज इतका मऊ होता की क्षणभर सिस्टरला आपणच अडाणी आहोत असं वाटलं. मग तिला त्या वाक्याचा अर्थ लागला. मॅडम पुढे सांगतच होत्या, की नाव आणि आकडा जुळवणारी यादी कपाटात कुलूपबंद आहे, गोपनीयता मोडणाऱ्या नर्सची नोंदणी जाऊ शकते, आणि आपल्याला तुमची फार गरज आहे, समाजाचा तुमच्यावर किती विश्वास आहे.

त्या विश्वासाचं काय झालं ते तिने त्याच संध्याकाळी बघितलं. मावशी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. पायात नवऱ्याच्या चपला, कारण स्वतःच्यात सुजलेले पाय मावत नव्हते. तोंडाला चव नाही, जिना चढताना धाप लागते, असं सांगून ती हसली आणि म्हणाली, वय झालं गं आता. सिस्टरने डॉक्टरला दाखवलं का म्हणून विचारलं.

"उन्हाळ्यातच जाणार होते," मावशी म्हणाली. "मग म्हटलं, पोरीने रक्त नेलंय. काही असतं तर आली असती सांगायला. तू आली नाहीस, म्हणजे मला काही झालेलं नाही."

सिस्टरला तेव्हा कळलं. आपल्या शब्दाने या बाईला नुसतं रांगेत उभं केलं नव्हतं, दवाखान्याच्या वाटेवरून परतही फिरवलं होतं. शब्द दिला आणि निकालाचं काय झालं हे अकरा महिन्यांत एकदा विचारायचंही आपल्याला सुचलं नाही. मॅडमचा राग येत होताच, पण त्या रागाच्या आड लपून भागणार नव्हतं. तिने सगळं सांगितलं. आकडा, तारीख, नववं कलम, मॅडमचं वाक्य. स्वतःची चूकही सांगितली. मावशीने तिची समजूत घातली नाही. उद्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं, ते तिने विचारलं.

मूत्रपिंडांच्या डॉक्टरने नवे रिपोर्ट बघितले, जुना आकडा ऐकला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. गेल्या वर्षी औषधं आणि पथ्य सुरू झालं असतं तर पुष्कळ वर्षं निभावून नेता आलं असतं. आता काही महिन्यांतच आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला यावं लागेल, असं त्याने सांगितलं. मावशी तपासणीच्या पलंगावर बसली होती. खालच्या चादरीच्या किनारीवरून तिने बोट फिरवलं आणि ही आपल्याच रुळावरची आहे म्हणाली. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाकीच्या दहा जणी कोण?"

कोण ते सिस्टरला माहीत नव्हतं. तिच्याकडे दहा आकडे होते आणि नावं कपाटात होती.

"कपाट राहू दे त्यांचं," मावशी म्हणाली. "रांग आमची होती."

मावशीने सगळी हकीकत सांगितल्यावर रविवारी दुपारी लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत बायका पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. वर्षापूर्वी कोण कुणाच्या मागे होतं ते आठवून आठवून. एकीने सांगितलं, मी हिच्या मागे, हिच्या अंबाड्यातला काटा माझ्या नाकाशी येत होता. दुसरी म्हणाली, तू सुई बघून पळालीस आणि परत आलीस तोवर मी तुझी जागा पटकावली होती. दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून त्यांच्यामध्ये मुद्दाम तिसरी उभी होती, तिलाही शोधून आणलं. तास-दीड तास भांडणं आणि हशा चालू होता. मग रांग जुळली आणि सिस्टर मोजत गेली. सदतिसाव्या जागी कुणी नव्हतं. ती बाई फार थकायला लागली म्हणून हिवाळ्यात मुलखाला परत गेली होती. तिचा पत्ता कुणाकडे नव्हता, आणि सदतीस हा आकडा सिस्टरच्या कागदावर होता.

अंगणात तिने कुणाचं काही उघड केलं नाही. प्रत्येकीला आपला आकडा कळला. त्यानंतर दोन दिवस सिस्टर नऊ दारांत गेली आणि नऊ जणींना एकेकीला बसवून सांगितलं. नोंदणी गेली तर गेली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. एकीने रडून घेतलं, एकीने तिला शिव्या दिल्या, आणि त्या शिव्या तिने मुकाट्याने ऐकल्या.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी सभागृहात पडदे लागले, बिस्किटं आली, फॉर्मवर नवी चित्रं आली. सदतीस नंबरची सोडून बायका एकूण एक आल्या. मॅडमनी त्यांच्या भाषेत नमस्कार केला, बायकांनीही केला आणि हाताची घडी घालून बसून राहिल्या. कुणी उठेना. मॅडम काही वेळ आदराने थांबल्या, कारण मौनाचा मान ठेवायचा हेही त्यांच्या प्रशिक्षणात होतं. त्यांनी सिस्टरला बायकांची अडचण विचारायला सांगितलं. सिस्टर जागची हलली नाही. शेवटी मॅडम सहायकाकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "लिहून घे. या समाजात रक्त देण्याविषयी अजून गैरसमज आहेत. आपल्याला आणखी संवेदनशील व्हावं लागेल."

आजवर सिस्टरने मॅडमची वाक्यं बायकांना सांगताना त्यांचे काटे काढूनच सांगितली होती. आज तिने हे वाक्य उचललं आणि जसंच्या तसं, मोठ्याने, सगळ्या सभागृहाला त्यांच्या भाषेत सांगितलं.

मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उठली. तिला उठायला वेळ लागला, पण कुणी हात द्यायला गेलं नाही, कारण तिने नको म्हणून खूण केली होती.

"त्यांना सांग, बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "गैरसमज होता आमचा. काही निघालं तर या बाई सांगतील, असं आम्हाला वाटलं होतं."

सिस्टर मॅडमकडे वळली आणि एकही शब्द न गाळता तिने ते सांगितलं.