पेटीतली देवी आणि महिपतच्या खडावा

शाळेच्या प्रयोगशाळेत नारळांनी टेबलं भरली होती, आणि दारात हा चपलांचा ढीग! किन्हवलीपलीकडच्या त्या गावात वीज येऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर तिच्या मागोमाग देवीही आली म्हणे. कुठं? तर पॉवर सप्लायच्या लोखंडी पेटीत! भिंतीतली वीज घेऊन प्रयोगापुरती हलकी डीसी वीज देणारी ती पेटी. दसऱ्याला मुलांनी तिला झेंडू वाहिला. चपला घातलेल्यांना काही झालं नाही. आदिवासी वाडीवरची अनवाणी राही मात्र हात लावताच किंचाळून पडली.

"देवीला वाडीची पोर चालत नाय!" गावचा भगत महिपत गरजला. "चपला काढा, भुई शिंपा!" त्यानं तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलं. मग काय, जो शिवेल त्याला झटका. महिपत मात्र पेटीवर खुशाल पंजा ठेवून डोळे फिरवत होता. "माजी तिची वळख हाय जुनी!"

जयाबाई, शाळेच्या विज्ञान शिक्षिका, सुट्टीवरून त्याच दिवशी परतल्या. गर्दी पाहून त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. एखादं माणूस मेलं असतं की! त्यात राहीचा बाप झिपरू समोर उभा. "बाई, पोरीला शाळेसाठी आजीपाशी ठेवनार हुतो. आता नको. सकाळी संगं वीटभट्टीवर नेतो."

बाईंनी आधी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मग त्यांची नजर महिपतच्या पायांकडे गेली. सगळ्यांच्या चपला बाहेर, आणि ह्याच्या लाकडी खडावा आत!

पेटीच्या वायरीत तीन तारा होत्या, पण भिंतीतल्या सॉकेटला भोकं दोनच. म्हणून कुणी शहाण्यानं तिसरी तार कापून टाकली होती. बाईंनी एका दिव्याची एक तार पेटीला जोडली, दुसरी खिडकीबाहेर जमिनीत गेलेल्या पंपाच्या पाइपाला. सगळ्यांना मागं सारून मेन चालू केला. दिवा पेटला.

"अरे वा, देवी दिव्यातही आली! महिपत, खडावा काढून हात लावता?"

"आज... आज माजा उपास हाय," महिपत मागं सरकला. पोरं खो खो हसली.

मेन पुन्हा बंद करून बाईंनी झाकण उघडलं. उंदरानं वायर कुरतडली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. "वीज पत्र्यात उतरली. अनवाणी माणूस ओल्या भुईवर उभा राहिला की त्याच्या अंगातून जमिनीत जाते. कोरडं लाकूड तिला अडवतं. तिसरी तार असते ती अशी भरकटलेली वीज जमिनीत न्यायला, म्हणजे फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो!"

संध्याकाळपर्यंत नवी वायर बसली, तिसरी तार मीटरजवळच्या अर्थिंगला जोडली गेली, भुई कोरडी पुसली. आता पेटीला लावलेला तोच दिवा पेटेना. बाईंनी चपला काढून पेटीवर हात ठेवला. काही झालं नाही. मग राही पुढं आली. पेटीचं बटण बंद आहे ना ते पाहून तिनं तिची लाल आणि काळी तार छोट्या दिव्याला जोडली, आणि बटण दाबलं. दिवा लागला. राही हसली.

झिपरू हळूच म्हणाला, "मंग माजी पोर चालती म्हना देवीला?"

बाईंचा आवाज चढला. "देवी नव्हतीच हो झिपरूदादा! पुन्हा कुणाला झटका बसला तर आधी मेन बंद करा, मग वायर बघा. पोरीची जात बघू नका. आणि हिला उद्या शाळेत पाठवा!"

झिपरूनं राहीकडं पाहिलं. "आजीला सांगतो, ही हितंच ऱ्हाईल," तो म्हणाला.