बसून तपासले

मी एक जुनी खुर्ची आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्या अभ्यासाच्या टेबलापाशी असते तसली मी नव्हे. मी विमानातली, तीही अगदी पुढची, डाव्या हाताची, कॅप्टनची खुर्ची. माझ्या पाठीला पट्टे आहेत, हातांवरचं कातडं झिजलं आहे, आणि उजव्या शिवणीत एक काळपट डाग आहे. तो चहाचा नाही. कसला आहे ते सांगायलाच आज बसले आहे, कारण ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मला दोन रुळांवर बसवलं. रुळांना ओळीनं भोकं होती. बाजूचा दांडा उचलला की मी पुढेमागे सरकायची. दांडा सोडला की एक खिळा भोकात बसायचा, खट्ट आवाज व्हायचा आणि मी जागच्या जागी. उंच माणसानं मला मागे घ्यावं, बुटक्यानं पुढे. इतका साधा मामला. मला तेव्हा वाटायचं, आपल्यात बिघडण्यासारखं आहेच काय!

त्या सुमारास आपल्या देशात खाजगी विमान कंपन्या भराभर निघत होत्या. तसल्याच एका लहानशा कंपनीनं अठरा प्रवाशांची पाच विमानं आणली आणि त्यांतल्या एकातून मी बडोद्याला आले. साल चौऱ्याण्णव. रोज सकाळी हरणीच्या विमानतळावरून मुंबई, संध्याकाळी परत. कारखान्यांचे साहेब, व्यापारी, कधी लग्नाला निघालेलं एखादं कुटुंब. आणि माझ्यावर बसायचे कॅप्टन सलील दिघे.

काय सांगू तुम्हाला त्या माणसाबद्दल! उंच, किडकिडीत, सदा हसतमुख. बसले की आधी माझा दांडा खट्ट करायचे, मग दोन्ही हातांवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चला बाईसाहेब!" मला! विमानाला नव्हे, मला. मी फुशारून जायची.

आमची देखभाल दीनानाथ कारखानीस यांच्याकडे होती. सगळे त्यांना काका म्हणत. तीस वर्षांचा अनुभव, हातात जादू. इंजिनाला नुसता कान लावून दुखणं सांगायचे. त्यांच्या आजोबांनी संस्थानच्या काळात मोठी अंमलदारी केली होती, आणि त्या घराची एक रीत होती. वडीलधाऱ्याच्या जागेवर बसायचं नाही. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची गादी रोज झटकली जायची, पण तिच्यावर कुणी बसत नसे. दीनानाथकाका ती रीत विमानांच्या हँगरमध्येही घेऊन आले. माझ्याकडे येताना चपला बाहेर काढायचे, मला नमस्कार करायचे. खंडेनवमीला मला कुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. आणि माझ्यावर ते कधी, एकदाही बसले नाहीत.

आता इथेच सगळी गोम आहे, मित्रांनो. नीट ऐका.

दिल्लीहून एक परिपत्रक आलं होतं आणि ते हँगरच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. वैमानिकाच्या खुर्चीची दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. तपासणाऱ्यानं स्वतः खुर्चीत बसावं, पट्टे बांधावेत, दोन्ही पायांनी पुढे जोरात रेटा द्यावा. खुर्ची तसूभरही हलता कामा नये. नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं, की विमान उठत असताना खुर्ची मागे घसरली, तर वैमानिकाच्या हातातलं सुकाणू त्याच्याबरोबर मागे ओढलं जातं, विमानाचं नाक आभाळाकडे जातं आणि विमान दगडासारखं खाली येतं.

दीनानाथकाका काय करायचे? गुडघे टेकून बसायचे, मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे, मग दांड्याला तेल. मी हलायची नाही. मग सुंदर वळणदार अक्षरात लिहायचे, 'बसून तपासले. ठीक.' आणि खाली सही.

एकदा कॅप्टन सलील मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "काका, कागदावर बसायचं लिहिलंय ने? बसा की! मजा येते."

काकांनी जीभ चावली. "छे हो, साहेब! तुमची जागा ती. हाताला कळतं मला सगळं."

"तुम्ही पण ना, काका!" म्हणून सलील हसत निघून गेले.

त्यांच्या हाताला कळत नव्हतं. मला कळत होतं. माझ्या खिळ्याचं टोक झिजत चाललं होतं, आतली स्प्रिंग ढिली झाली होती. रिकामी असताना मी घट्ट उभी राहायची, पण माणूस बसला की माझा सांगाडा किंचित दबायचा आणि खिळा केसभर वर उचलला जायचा. कुणी बसून पाय रेटले असते तर तिथल्या तिथे समजलं असतं. मी किती ओरडले असेन मनातल्या मनात! पण खुर्चीचं कोण ऐकतो?

सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली ती सकाळ. सलील बसले, दांडा खट्ट झाला, हातांवर थाप पडली. शेजारच्या खुर्चीत शर्वरी राजे होती, नवीच लागलेली सहवैमानिक. विमान धावपट्टीवर धावू लागलं. नाक उचललं. सलीलनी पायांवर जोर दिला, आणि माझा खिळा सुटला.

मी सर्रकन मागे गेले. सुकाणू मागे आलं, नाक वर वर जाऊ लागलं. सलीलना क्षणात सगळं कळलं. त्यांनी दोन्ही हात सुकाणूवरून काढले आणि ओरडले, "शर्वरी, तू घे!" किती जणांना सुचेल हो ते? पोरीनं नाक खाली दाबलं, इंजिनांचा जोर काढून घेतला. विमान धाडकन पट्टीवर आदळलं आणि तिनं करकचून ब्रेक लावले.

सतरा प्रवासी वाचले. पण ब्रेक लागताच मी, मोकळी सुटलेली मी, त्याच रुळांवरून पुढे धावत गेले आणि सलीलना छातीसकट सुकाणूवर नेऊन आपटलं. त्यांचे पट्टे माझ्याशीच बांधलेले होते. मीच गेले तर पट्टे काय करणार? सलील तिथेच गेले. शिवणीतला डाग त्यांच्या रक्ताचा.

चौकशीला तीन साहेब आले. त्यांनी मला हातांनी ओढून पाहिलं. मी हलले नाही. 'बसून तपासले. ठीक.' हा कागद वाचला. त्या डागाकडे पाहून मात्र एकालाही माझ्यावर बसवेना. शर्वरी परोपरीनं सांगत होती, "सर, मी खट्ट ऐकलंय. त्यांनी खुर्ची अडकवली होती." पण ती पडली नवखी. निकाल लागला, कॅप्टन दिघे यांनी खुर्ची नीट अडकवली नव्हती. दीनानाथकाका तिथेच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

विमान भंगारात निघालं आणि सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका वखारीत येऊन पडलं. मी तिथे धुळीत बसून होते. वाऱ्यानं पत्रे वाजले की मला "शर्वरी, तू घे" ऐकू यायचं. आणि एके दिवशी दीनानाथकाका आले, मला रुळांसकट कापून घेतलं आणि टेंपोत घालून दांडिया बाजारातल्या आपल्या घरी आणलं.

"अहो, हे काय घेऊन आलात घरात?" त्यांची बायको मंदाकिनीकाकू दारातच थबकल्या. "भूत आहे ते! जवा द्या ना आता, सोडून द्या, झालं ते झालं."

एका जाड फळीवर काकांनी माझे रूळ पक्के केले, पाय टेकायला पुढे आडवं लाकूड ठोकलं. मग रोज दुपारचा चहा झाला की माझ्यासमोर येऊन गुडघे टेकायचे, मला गदागदा हलवायचे आणि पुटपुटायचे, "बघ, हलत नाही. कुठे हलते?" रोज! वर्षभर! अहो, बसा ना एकदा, असं मी जीव तोडून म्हणायची. पण त्यांना भीती वाटत होती. माझी नव्हे, जे कळेल त्याची. आणि माझ्यावर तर चोवीस तास एक वजन असायचं. रिकाम्या खुर्चीवर, मित्रांनो! सलीलचं वजन. उठतच नव्हतं.

शेवटी मंदाकिनीकाकूंनाच ते असह्य झालं. खंडेराव मार्केटात भाजी घेताना त्यांना सलीलची बायको मोहना भेटली. तिथे तिच्या मागेच कुणी कुजबुजलं, "ह्यांच्याच मिस्टरांनी ते विमान..." मोहनानं ऐकलं न ऐकलंसं केलं. पण काकूंना म्हणाली, "मला सवय झाली हो. मैथिलीला शाळेत मुली म्हणतात, तुझ्या बाबांनी विमान पाडलं. नऊ वर्षांची आहे ती. तिला काय सांगू?" काकूंनी तिचा हात धरला आणि तिला थेट घरी घेऊन आल्या.

काका गुडघे टेकून बसले होते. मोहनाला पाहून धडपडत उठले.

"ही त्यांची?" तिनं विचारलं.

काकांनी मान हलवली. ती माझ्यासमोर उभी राहिली, डागावरून तिनं बोटं फिरवली, आणि वळून माझ्यावर बसली. सरळ बसली! काका घाईनं म्हणाले, "अहो ताई, नका, ती साहेबांची..." आणि थांबले.

"मला एकदा नेलं होतं त्यांनी आत," मोहना म्हणाली. "दाखवलं होतं सगळं. हा दांडा, ना?" खट्ट. तिनं पट्टे बांधले, दोन्ही पाय समोरच्या लाकडाला लावले. "आणि मग म्हणाले होते, रेट जोरात."

तिनं रेटलं.

मी सर्रकन मागे गेले.

मोहनानं पुन्हा मला पुढे ओढलं. खट्ट. पुन्हा रेटलं. मी पुन्हा मागे. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती रेटतच होती. काका तिच्यासमोर गुडघे टेकून बसले.

"मी कधीच बसलो नाही, ताई," ते म्हणाले. "एकदाही नाही. मी खोटं लिहिलं. त्यांनी अडकवली होती. मी मारलं त्यांना."

मला वाटलं, ही बाई आता त्यांच्या अंगावर धावून जाईल. पण ती पट्टे सोडत म्हणाली, "काका, बाकीच्या चार विमानांत अशाच खुर्च्या आहेत ना? त्या तुम्हीच तपासल्यात?"

काकांनी मान हलवली आणि त्यांना रडू फुटलं.

"मग रडत काय बसलात?" ती ओरडली. "उठा! चपला घाला!"

त्या चारांतलं एक विमान त्याच संध्याकाळी हरणीहून सुटायचं होतं, तासभरच उरला होता. रिक्षा करून दोघं हरणीला गेली. ते विमान थांबवलं आणि काका स्वतः त्यातल्या कॅप्टनच्या खुर्चीत बसले. ती सरकली. पुढच्या आठवड्यात आणखी एक सरकली. काकांनी सगळं लिहून दिलं, त्यांचा परवाना गेला, उभ्या जन्माचं नाव गेलं. चौकशी पुन्हा झाली. तीन महिन्यांनी मोहनाच्या घरी कागद आला, कॅप्टन दिघे यांची चूक नव्हती. तो कागद मैथिलीनं शाळेच्या दप्तरात घातला आणि इयत्ता सातवीपर्यंत काढला नाही, असं मंदाकिनीकाकू सांगत होत्या.

आता मी विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेत आहे. मुलं माझ्यावर बसतात, पाय रेटतात, मी मागे जाते आणि ती खिदळतात. खिदळू द्या. सरकल्याशिवाय त्यांना कळणार कसं? पण त्यांच्याही खाली मला अजून ते दुसरं वजन जाणवतं. उंच, किडकिडीत माणसाचं. ते गेलं नाही आणि जाणारही नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यावर कसली तपासणी सोपवली, विमानाची असो की शाळेतल्या झोपाळ्याची, तर त्या वस्तूला नमस्कार जरूर करा. पण मग तिच्यावर बसा, रेटा, आणि त्यानंतरच सही करा. सतरा माणसं घरी पोहोचली. अठरावी, शर्वरी, आज स्वतः कॅप्टन आहे. एकोणिसावा माणूस माझ्या पट्ट्यांत होता.