रेडिओला डोळे नसतात

मित्रांनो, मी एक जुना, टक्कल पडलेला माईक आहे. माझी स्पंजची टोपी उंदरांनी खाल्ली. जळगावच्या एका नभोवाणी केंद्रातल्या काचेच्या कपाटात मी सध्या बसून असतो.

तरुणपणी माझे कान असे तिखट, की मेहरूण तलावाच्या काठावर धरलं तर तळातल्या माशांची भाऊबंदकी ऐकू यायची. खोटं वाटतं? वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे.

मला पहिल्यांदा हातात घेतलं लताबाईंनी. तेव्हा त्या केळीचे भाव वाचत. मग वार्ताहर झाल्या, आणि सरकार जाईल तिथे आम्ही जाऊ लागलो. नागपूरचं अधिवेशन, मंत्र्यांचे दौरे, उद्घाटनं. एका मंत्र्याच्या पोटातली गुरगुर ऐकून मी ओळखलं होतं, भाषण आता आटोपणार! पुढे लताबाई केंद्रप्रमुख झाल्या, तरी मला घेऊन दौऱ्यावर स्वतःच निघायच्या.

त्यांना एक खोड होती. भाषणं संपली की त्या म्हणत, "आता कुणी बोलू नका," आणि मला नुसतं धरून उभ्या राहत. त्या जागेचा आवाज घ्यायचा. वारा, कोंबड्या, कुणाचा तरी खोकला. मला नेहमी प्रश्न पडायचा, बाई एवढं काय शोधतात?

एकदा शिंदखेड्याकडच्या एका गावात नळयोजनेचं उद्घाटन होतं. सगळी धावपळ ठेकेदार रतिलालभाऊंची. कॅमेरेवाल्यांना त्यांनी दोरीने मंडपासमोरच अडवलं. लताबाईंना मात्र मागच्या कनातीला लागून, सावलीत खुर्ची दिली.

"बसा अक्का निवांत. रेडिओले काय डोया ऱ्हातस?"

मंत्र्यांनी तोटी फिरवली. पाणी उसळलं, बँड वाजला, टाळ्या पडल्या. "योजना पूर्ण!" मंत्री म्हणाले. "उद्यापासून या गावाचा टँकर बंद!"

गर्दी पांगली, बँड थांबला. लताबाईंनी मला धरलं. "आता कुणी बोलू नका."

आणि मला ऐकू आली घरघर. कनातीच्या पलीकडे मोटार चालू होती. कशाची असेल? मी कान टवकारले. घरघर थांबली, आणि त्याच क्षणी नळाला उचकी लागली. एक, दोन... मग तोही गप्प.

संध्याकाळी ध्वनिमुद्रण सांभाळणारे प्रेमराज ते ऐकून घामाघूम झाले. "अक्का, हा शेवट कापतो. भाषणापुरतीच बातमी ठेवा, असा वरून फोन आलाय. तुमची निवृत्ती तोंडावर आली, कशाला खुर्ची घालवता?"

"प्रेमराज, नळ कोरडा आहे आणि उद्या टँकरही बंद होणार. ती माणसं पिणार काय, माझं निरोपाचं भाषण?"

बातम्यांत आधी मंत्र्यांचं भाषण लागलं, मग टाळ्या, मग ती घरघर आणि उचकी. लताबाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. गरजच नव्हती. त्या गावात चुलीपुढे बसलेल्या सुंदरबाई ओरडल्या, "माय वं! हाई ते आपला टँकरनी घरघर शे!" टँकरची वाट पाहण्यात जन्म गेलेला, त्यांना कोण फसवणार? आता हे मला जळगावात कसं ऐकू आलं, ते विचारू नका. कानांचं सांगितलंच आहे.

सकाळी बठ्ठं, अख्खं गाव रिकामे हंडे घेऊन तहसीलसमोर बसलं. टँकर चालू राहिला, चौकशी लागली, पाईप नव्याने पडू लागले. लताबाईंची खुर्ची मात्र गेली. निवृत्तीपर्यंत त्या पुन्हा केळीचे भाव वाचत होत्या. आणि काय सांगू, इतक्या ठसक्यात ते कुणीच वाचले नव्हते!

त्यांच्या शेवटच्या दिवशी, हारतुरे चालू असताना फोन वाजला. सुंदरबाई होत्या. "अक्का, आयका! आते घरघर नही शे!"

लताबाईंनी फोन माझ्या कानाशी धरला. "आता कुणी बोलू नका," त्या म्हणाल्या. हंड्यात पाणी पडत होतं. नुसतं पाणी.

मित्रांनो, मला नवी टोपी नको. तुमच्या हाती कधी माईक आला, तर त्यावर टकटक करून "हॅलो, हॅलो" करू नका, आमचे कान दुखतात. आणि टाळ्या थांबल्या की लगेच बटण बंद करू नका. थोडं थांबा. मागे काय घरघरतंय, ते आम्हाला ऐकू द्या.