खाचेची बाजू

"ताई, सरका जरा, कांडी काढते," धाकटी म्हणाली, आणि थोरली सरकली. हल्ली तिला सारखं सरकावंच लागत होतं.

एका घरातल्या दोघी जावा, एकाच कारखान्याच्या चाचणीघरात. थोरलीनंच शब्द टाकून धाकटीला इथं चिकटवलं होतं. आता प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती आणि साहेबांच्या तोंडी उठता-बसता धाकटीचं नाव. घरी सासूबाईंचंही तेच. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

काम तसं सरळ. पोलादाच्या बोटभर कांडीला मधोमध खाच पाडायची, गार द्रावात बुडवून थंड करायची, गारवा जायच्या आत चिमट्यानं यंत्रावर आडवी ठेवायची आणि झुलता जड हातोडा सोडायचा. मोडताना कांडी हातोड्याचा जितका जोर खाईल तितकं पोलाद चिवट. खाच मात्र हातोड्याच्या पलीकडच्या बाजूला हवी, नाहीतर कांडी सहज मोडत नाही आणि आकडा खोटाच फुगतो.

धाकटीनं घाईत ती हातोड्याकडेच ठेवली.

थोरलीला दिसलं. शब्द अगदी ओठांवर आला होता, तिनं तो गिळला. धाडकन आवाज झाला. काट्यानं भलताच मोठा आकडा दाखवला.

"वा! काय चिवट माल आहे!" मागे उभे राहून बघणारे साहेब खूश झाले. "तुमच्या हाताला यश आहे, बाई."

होऊ दे कौतुक, थोरली मनात म्हणाली. उद्या गिऱ्हाइकाचा तपासनीस आला की उतरेल सगळी मिजास. हे पोलाद क्रेनच्या हुकांसाठी जाणार होतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्या घटकेला तिला फक्त खुर्ची दिसत होती.

धाकटीनं मोडलेले तुकडे उचलून उजेडात धरले आणि तिचा चेहरा पडला.

"साहेब, थांबा. घाव खाचेच्याच बाजूला बसलाय. मी उलटी ठेवली. हा आकडा धरू नका."

साहेब आधी चिडले, मग तिच्याकडे बघत राहिले. "त्या खुर्चीत असंच माणूस हवं," एवढं बोलून ते गेले.

"कसली वेंधळी मी! ताई, तुमचं लक्ष नव्हतं ना? नाहीतर हातच धरला असतात माझा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर थोरलीला भांडता तरी आलं असतं.

"नव्हतं गं."

"आता तुम्हीच ठेवा. तुमच्या हातून नाही चूक व्हायची."

थोरलीनं दुसरी कांडी काढली, खाच पलीकडे करून नीट ठेवली. मग धाकटीची नजर टाळत बाजूला झाली आणि धाकटीनं हातोडा सोडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.