पाठीचं माप

लढाईवरून परतल्यापासून मुलगा गिऱ्हाइकाचं माप समोरूनच घ्यायचा. खांद्याची रुंदी मागे उभं राहून घ्यायची असते, हे त्याला बापानंच, शिंपी मास्तरांनीच, शिकवलेलं. पण आता टेप घेऊन तो कुणाच्या मागे जायचाच नाही. पाठीचा आकडा अंदाजपंचे लिहायचा, आणि कोट पाठीत आवळायचे.

"मास्तर, फळ्यावर लिहायला हात वर केला की पाठीत टरकन् आवाज येतो," गणिताचे सर कुरकुरले. "पोरांना गणितापेक्षा त्यातच गोडी!"

"उद्या सैल करून देतो," मास्तर म्हणाले.

घरी बायको म्हणाली, "अहो, बोला ना त्याच्याशी. जेवायलासुद्धा भिंतीला पाठ लावून बसतो. एरवी गिऱ्हाइकाशी तोंड थांबत नाही तुमचं."

मास्तर रोज हात जोडून तेवढंच म्हणायचे, "देवा, पोरगं परत दिलंस, तुझे उपकार रे बाबा. पण थोडं स्वतःकडेच ठेवून घेतलंस का? मशीनवर गुणगुणायचं, ते कुठंय?"

एका दुपारी दुकान रिकामं होतं. मास्तर आरशाकडे पाठ करून, कापडाच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले.

"दोऱ्या, माझं माप घे. पाठीचं."

लहानपणी काडीसारखा होता म्हणून दोऱ्या.

"जुनं आहे की, बाबा."

"म्हातारा माणूस आकसतो. घे."

मशीन थांबलं. मग पावलं मागे आली. टेपेचं पत्र्याचं टोक खांद्याला लागलं.

"तो असाच उभा होता, बाबा."

"कोण रे?"

"त्यांचा पहारेकरी. शीळ घालत होता. मी मागून तोंड दाबलं." पोराचा श्वास मानेवर येत होता. "त्याच्या कॉलरला हाताचे टाके होते. जरा वाकडे. मशीनचे नव्हते, घरचे होते. माझा सुरीचा हात चालत होता आणि मी टाके बघत होतो."

मास्तरांना वाटलं, वळावं, त्याचं तोंड ओंजळीत धरावं, तो लहान असताना धरायचो तसं. पण वळलं की पोरगा समोर येणार, आणि समोर आला की गप्प होणार. इतक्या दिवसांनी तो बोलत होता, ते पाठीशी बोलत होता.

"हात सैल सोडा, बाबा," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला सांगतात तसंच.

मास्तरांनी हात सोडले. टेप दुसऱ्या खांद्याकडे निघाली, मध्येच थांबली. मग दोन खांद्यांच्या मधोमध पोराचं कपाळ टेकलं आणि सदरा ओला व्हायला लागला.

त्याचा चेहरा बघायला मास्तरांचा जीव तुटत होता. ते अस्तराच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिले आणि तसूभरही हलले नाहीत.