हात न लावता

“अगं, हात जरा वर कर. अजून.”

“आज एवढाच होतोय,” शिवणबाई म्हणाल्या.

नवऱ्याने वाकून त्यांच्या स्वेटरचं बटण लावलं. तो निवृत्त बसड्रायव्हर. मनात आलेलं पोटात ठेवायची सवय त्याला कधीच नव्हती. “बटण लावता येत नाही, आणि बाईसाहेब निघाल्या गाडी चालवायला! मी जन्मभर खरीखुरी बस हाकली, मला कोणी साधा कप दिला नाही.”

“तुम्ही बस वेळेवर कधी नेलीत?”

शिवणबाईंनी आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं केली होती. मग संधिवात आला आणि पाहुण्यासारखा न राहता घरमालक होऊन बसला. सुई सगळ्यांत आधी गेली, मग बाटलीची झाकणं, मग दाराची कडी. सकाळी बोटं मिटलेली असत. औषध लागू पडलं की थोडा वेळ उघडत, दुपारी पुन्हा मिटत. त्या मधल्या वेळासाठी बाईंनी मुलाच्या लहानपणीची खेळण्यातली आगगाडी माळ्यावरून काढायला लावली. तिला नवे रूळ घातले, मग स्टेशन आलं, बोगदा आला, मालधक्का आला. बघता बघता जेवणाचं टेबल रेल्वेच्या मालकीचं झालं आणि नवरा-बायको मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. ड्रायव्हरने कुरकूर केली खरी. पण वेगाचं इवलंसं बटण बायकोला फिरवता येईना, तेव्हा त्यावर लाकडी चमचा आडवा बांधून देणाराही तोच. आता बाई मनगटाने चमचा ढकलत आणि गाडी सुटे.

गावातल्या हौशी लोकांचं छोट्या रेल्वेचं एक मंडळ होतं. आज त्यांची वार्षिक स्पर्धा होती. आदल्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला होता.

“ताई, रेल्वे तुमचीच, नाव तुमचंच. फक्त चालवायला आपल्या मंडळातले घड्याळजी बसतील. तुम्ही शेजारी खुर्चीत निवांत बसा, लक्ष ठेवा.”

माणूस चांगला होता, काळजीपोटीच बोलत होता. पण ही खुर्ची बाईंच्या ओळखीची होती. कारखान्यातही आधी अशीच खुर्ची मिळाली होती, ‘निवांत बसा, नुसतं लक्ष ठेवा’ म्हणून. वर्षभरात खुर्चीही गेली. पुन्हा त्या खुर्चीत बसलं की ही रेल्वेही हळूहळू दुसऱ्याची होणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

“निवांत बसेन,” त्या म्हणाल्या होत्या, “पण चमचा माझ्याच हाताशी राहील.”

आणि नेमकी आज बोटं उघडलीच नव्हती.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलांवर प्रत्येकाने आपापली रेल्वे आणून मांडली होती. स्पर्धेचा नियम सोपा होता. मालगाडीचे डबे सांगितलेल्या फलाटांवर सोडायचे, दुसरे जोडून परत आणायचे. गाडीला हात लावला की दर वेळी एक गुण वजा. बोलून चालून हौशी मंडळी. हात लावल्याशिवाय कोणाचीच गाडी धावत नसे. डबा घसरला की वरून एक हात येई आणि तो उचलून ठेवी.

घड्याळजींची पाळी आधी होती. काय देखणी गाडी! स्टेशनात दिवे, खिडक्यांत माणसं, इंजिनाच्या धुराड्यातून धूर. मंडळात त्यांच्याइतकी हलकी बोटं कोणाची नव्हती. पण प्रत्येक वळणावर मागचा डबा डुगडुगे, आणि तो पडायच्या आत त्यांचं बोट तिथे पोचलेलं असे. सेक्रेटरी गुण कापत गेले.

“मी कधी लावलं बोट?” घड्याळजींनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. लोक हसले, तेही हसले.

मग शिवणबाई बसल्या. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, “ताई, नक्की ना? अजूनही घड्याळजींना सांगतो.”

“नक्की,” बाई म्हणाल्या आणि मनगटाने चमचा ढकलला.

गाडी सुटली. दिवे नव्हते, धूर नव्हता. वळण आलं, डबे वळले. बोगदा आला, गेला. मालधक्क्याशी रुळांखाली पर्सच्या चापातला लोहचुंबक पुरलेला होता आणि डबे जोडणाऱ्या कड्यांना टाचणीचे तुकडे लावलेले. गाडी तिथे थांबली, जराशी मागे सरली, कडी आपोआप सुटली, आणि इंजिन डबा सोडून पुढे गेलं. हॉलमधली कुजबूज थांबली. एक फेरी झाली, दुसरी झाली. सेक्रेटरींची पेन्सिल कागदावर टेकेना.

शेवटचा डबा मात्र अडला. इंजिन पुढे निघालं की डबाही मागोमाग येई. कडी सुटत नव्हती. आणि शेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरचा हात सवयीने पुढे आला, सकाळी बटणाकडे आला होता तसाच.

“हात मागे!”

सगळा हॉल दचकला. ड्रायव्हरने हात खिशात घातला.

बाईंचं मनगट ठणकत होतं. त्यांनी गाडी पूर्ण थांबवली. घाई केली नाही. मग चमचा उलटा, नखभर. डबे एकमेकांना टेकले, कडी सैल पडली. मग सुलटा. इंजिन निघालं. डबा जागच्या जागी उभा राहिला.

टाळ्या अशा वाजल्या की खिडक्यांच्या काचा हलल्या. ड्रायव्हर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, “आमची बायको आहे ती! आमची!” बाईंनी त्याला गप्प करायचा प्रयत्न केला, पण त्यांनाच हसू आवरेना. फार वर्षांनी त्यांना मनापासून, निर्लज्जपणे आनंद झाला होता. सेक्रेटरींनी कप आणला. बोटांत धरवेना म्हणून बाईंनी तो कोपराच्या बेचक्यात धरला, तान्ह्या मुलाला धरतात तसा.

“पुढच्या वर्षीही चमचा ताईंच्याच हाताशी,” सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

घड्याळजी मात्र रुळांवर वाकले होते. “एकदाही घसरली नाही. कसं केलंत हे?”

“घसरलेला डबा उचलायला मला अर्धा तास लागतो,” बाई म्हणाल्या. “रडू येतं. मग तो घसरूच नये, एवढंच केलं. रुळांच्या प्रत्येक सांध्यावरून हे फिरवलं.” त्यांनी सुजलेलं बोटाचं पेर दाखवलं. “दुखऱ्या पेराला केसाएवढी खाच लागते. लागली की घासायची. पुन्हा फिरवायचं. लागेनाशी होईपर्यंत.”

घड्याळजींनी डोळे मिटले आणि आपलं बोट दुमडून त्याचं पेर रुळावरून हळूहळू नेलं. फलाटापासून वळणापर्यंत, वळणापासून बोगद्यापर्यंत.

“काहीच लागत नाही हो,” ते म्हणाले.

“मग काढा बोट आता,” बाई म्हणाल्या आणि मनगट चमच्यावर टेकवलं. “गाडी सोडायचीय.”